डॉक्टर मॅडम, यांची वारी चुकली नाही

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांनी वाचावे म्हणून लिहिण्यास आपण संमती दिलीत, मात्र नाव घालू नये असे सांगितलेत, ते पाळते आहे.

माझ्या यजमानांना बायपोलर आजार आहे, म्हणजे कधी खोल नैराश्य, तर कधी अतोनात उत्साह. चार वर्षे तो नुसते नैराश्य म्हणूनच ओळखला गेला, कारण हे अंथरुणाला खिळले की आम्ही दवाखाना गाठत असू आणि तीन-तीन रात्री न झोपता हे उत्साहाने धावपळ करू लागले की ‘आता बरे वाटते आहे’ असे समजत असू. एका ठिकाणी नैराश्याच्या गोळ्या वाढवल्या आणि पंधरा दिवसांत यांनी कर्ज काढून जुना टेम्पो घेतला. तेव्हाही झोपेविषयी कोणी विचारले नाही.

आपण पहिल्याच भेटीत, औषधांकडे वळण्याआधी, यांच्या पाळीची चौकशी केलीत. कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलते आणि झोपेची वेळ विस्कटली की या आजाराचा झटका उसळू शकतो, हे आपण आम्हा दोघांनाही समोर बसवून समजावलेत. रात्रपाळी नको, असे पत्र आपण दिलेत आणि एक शंभरपानी वही घालायला लावलीत. झोप किती, जेवण केव्हा, मन कसे, एवढेच तिच्यात लिहायचे. सासूबाईंनी देवऋष्याचा अंगारा पदराच्या गाठीतून काढला, तेव्हाही आपण त्यांना तोडून बोलला नाहीत. अंगारा कपाळाला लावा, पण गोळी चुकवू नका, एवढेच म्हणालात. त्या दिवसापासून गोळीची वेळ सासूबाईच सांभाळतात.

तरीही मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते वारीविषयी. यांना चालू असलेले लिथियम हे औषध १९४९ पासून या आजारावर वापरात आहे, परंतु त्याची गुणकारी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडे असते, आणि घाम, उलट्या-जुलाब किंवा उपवास यांनी शरीरातील पाणी व मीठ घटले की रक्तातील लिथियम वाढते. आता वारी संपली, असे यांनी मनाशी धरले होते. आपण ती संपवली नाहीत. कोणती वाट, किती मुक्काम, दिंडीत जेवण काय असते, हे सारे विचारून घेतलेत आणि लोणंद ते फलटण एवढीच चाल ठरवून दिलीत. निघण्याआधी रक्ताची तपासणी झाली. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचे, म्हणून सकाळची गोळी त्यानंतर. वाटेत मीठ-साखरेचे पाणी घ्यायचे, एकादशीला नुसत्या पाण्यावर राहायचे नाही, रात्रीच्या भजनातून दहाला उठायचे. पाय दुखले तरी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचे नाही, कारण त्यांनीही लिथियम वाढते. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला किंवा जुलाब सुरू झाले, तर थेट दवाखाना गाठायचा. हे सगळे आपण स्वतःच्या अक्षरात एका कार्डावर लिहून दिलेत आणि एक प्रत विणेकरीबुवांकडे ठेवायला सांगितलीत.

तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण झाले, तेव्हा मी यांच्या शेजारी उभी होते. अश्व धावत गेला आणि इतरांबरोबर हेही त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून ते कार्ड अर्धे बाहेर आले होते. मी ते आत सारले.

प्रकृती स्थिर असताना आपण यांच्याकडून आणखी एक काम करून घेतलेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, पुन्हा झटका आला तर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि यांच्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे यांनी आधीच लिहून ठेवले. निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून यांनी माझे नाव घातले. लग्नाला एकोणीस वर्षे झाली. इतक्या विश्वासाने यांनी मला काही सोपवल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

परवा वहीची तिसरी शंभरी सुरू झाली. पहिल्या पानावर यांच्या अक्षरात नोंद आहे : झोप साडेसात तास, जेवण वेळेवर, मन ठीक. पुढच्या तपासणीला ती घेऊन येतो.

आपली ऋणी,
एका वारकऱ्याची पत्नी