बदली चेंडूची पेटी आधी तपासा

महोदय,

कसोटीत चेंडू बदलला की पंचांवर तोंडसुख घेतले जाते. बहुतेक वेळा खोट असते ती चौथ्या पंचाने आणलेल्या पेटीत.

चेंडू हरवला किंवा नेहमीच्या वापराने खेळण्याजोगा राहिला नाही, असे दोन्ही पंचांचे मत झाले, तर साधारण तितकाच झिजलेला चेंडू द्यायचा, असा नियम आहे. तपासणीसाठी पंचांच्या खिशात दोन कड्यांचे गेज असते. मोठ्या कडीतून चेंडू पार झाला पाहिजे, लहानीत अडकला पाहिजे. परीघ 22.4 ते 22.9 सेंमी. एकदा घालून पाहणे पुरत नाही. शिवण उभी, आडवी, तिरकी धरून फिरवावा लागतो, कारण चेंडू बऱ्याचदा एकाच अंगाने फुगलेला असतो.

मात्र कडी आकार मोजते, कडकपणा नाही. आतले बूच आणि लोकरीचा धागा मार खाऊन सैलावतो, चेंडू मऊ पडतो, शिवण बसते, तरी तो कडीतून सुखाने जातो. मग गोलंदाज हुज्जत घालतो, पंच नकार देतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात!

2025 मध्ये लॉर्ड्सवर भारत-इंग्लंड कसोटीत दुसरा नवा चेंडू अवघ्या दहा-एक षटकांत बदलावा लागला. बदली चेंडू पाहून भारताचा कर्णधार शुभमन गिल पंचांवर चिडला आणि तोही 48 चेंडूंनंतर बदलावा लागला. 2023 मध्ये ओव्हलवर इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटीत उलटे घडले: 36.5 षटकांनंतर आलेला चेंडू नवाकोरा वाटावा असा होता, अशी तक्रार झाली.

खरी अडचण इथे आहे. डाव संपल्यावर 60-80 षटकांचे चेंडू आपोआप साठतात. दहा षटकांचा चांगला चेंडू कोणी बाजूला काढत नाही, तो मुद्दाम तयार करावा लागतो. नेटमध्ये वापरलेला चालत नाही, कारण तो गवतावरून सीमारेषेपर्यंत घासत गेलेला नसतो.

म्हणून पेटीतल्या प्रत्येक चेंडूवर किती षटके आणि कुठल्या मैदानावर टाकली, याची चिठ्ठी असावी. 10, 20, 30 अशा टप्प्यांचे किमान दोन-दोन चेंडू ठेवावेत आणि नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांना ते हाताळू द्यावेत.

– एक वाचक