मार्टिन ल्युथर किंग म्हणजे फक्त एक भाषण नाही

संपादक महोदय,

अमेरिकेत काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढलेल्या किंग यांच्यावर काही छापून आलं की तेच वॉशिंग्टनच्या मोर्चातलं 'माझं एक स्वप्न आहे' भाषण, तोच फोटो, बाकी माणूस गायब! १९६३ च्या त्या मोर्चाच्या नावातच आधी 'नोकऱ्या' होत्या आणि मग 'स्वातंत्र्य', हे किती जणांना माहितीये? आणि तो मोर्चा प्रत्यक्षात उभा केला चळवळीतले संघटक बेयर्ड रस्टिन यांनी, त्यांचं तर नावही कुणी घेत नाही.

मला विचाराल तर किंग खरे कळतात ते शेवटच्या वर्षात. ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उघड बोलले, मग काय, मोठमोठे पेपर तुटून पडले आणि चळवळीतलेही काही जण म्हणाले की हे तुमचं काम नाही, पण ते काही मागे हटले नाहीत, उलट गोऱ्या-काळ्या सगळ्याच गरिबांची मोहीम काढायच्या तयारीला लागले. त्यातच अमेरिकेतल्याच मेम्फिस शहरात कचऱ्याच्या ट्रकमध्ये चिरडून दोन सफाई कामगार गेले आणि साधारण १३०० जण संपावर उतरले, गळ्यात पाट्या काय, तर 'मी माणूस आहे'. किंग त्यांच्यासाठीच तिथे गेले होते आणि ४ एप्रिल १९६८ ला तिथेच लॉरेन मोटेलच्या बाल्कनीत त्यांना गोळी घातली. वय फक्त ३९.

पुढच्या वेळी लेख छापाल तेव्हा मेम्फिसच्या त्या संपावर निदान अर्धं पान तरी द्या, भाषण आमचं आता पाठ झालंय.

– आपला एक नेहमीचा वाचक