नीरजला, गुरुवारच्या आधी

चि. नीरज,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, दत्तकासाठी दोन संस्थांपैकी कोणती घ्यावी?" आणि मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा. ते खोटं होतं. मला मत होतं, चांगलं ठसठशीत मत होतं, पण बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते आणि जे सांगायचं होतं ते त्यांच्यासमोर तोंडातून निघेना. म्हणून हे पत्र.

पहिली संस्था तुम्हा दोघांना आवडलीय. मेधा किती आनंदाने सांगत होती, चकचकीत ऑफिस, भिंतभर बाळांचे फोटो, आणि तिथला माणूस म्हणाला, सहा महिन्यांत बाळ घरात. दुसरीकडच्या बाईंनी दीड तास तुम्हालाच प्रश्न विचारले आणि 'कधी' म्हटल्यावर "सांगता येणार नाही" म्हणून मोकळ्या झाल्या. मेधाला राग आला. मलाही आला असता. आम्हीही तेव्हा पहिल्यासारखीच संस्था धरली होती, आणि का धरली ठाऊक आहे? तिथे कोणी फार विचारलं नाही. अकरा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला प्रश्न नको असतात रे.

पण सहा महिन्यांचा वायदा कोण करू शकतं, जरा विचार कर. ते बाळ कदाचित अजून पोटात आहे. त्याची आई आज कुठेतरी आहे, तिचं अजून काही ठरलेलं नाही, आणि हा माणूस तिच्या वतीने तारीख देतोय. देशादेशांमधल्या दत्तकासाठी १९९३ साली हेगचा करार झाला. त्यात स्पष्ट म्हटलंय की आईची संमती लागत असेल तर ती बाळ जन्मल्यावरच घ्यायची, आधी नाही. त्या संमतीसाठी पैसे किंवा कसला मोबदला द्यायचा नाही. इंग्लंडमध्ये बाळ सहा आठवड्यांचं होण्याआधी आईने दिलेली संमती धरतच नाहीत. भारतात बाळ सोपवल्यावर फेरविचाराला दोन महिने देतात. (मी या महिन्यात इतकं वाचलंय की बाबा विचारतात, परीक्षेला बसतेस का.)

तेव्हा गुरुवारी गेलात की दोन्हीकडे पहिलं हेच विचारा. आईने मन बदललं तर? आणि उत्तर ऐकताना माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. "आमच्याकडे तसं होत नाही हो" म्हणाला, की पर्स उचला आणि उठा. जिथे एकाही आईने कधी बाळ परत नेलेलं नाही, तिथे आयांना धड बोलू दिलं जात असेल यावर माझा विश्वास नाही. तसं झालं तर तुम्हाला रडू येईल, मेधाला तर फारच. तरीही.

पैशाचं थोडक्यात. प्रत्येक रकमेची पावती, आणि रक्कम कशाची ते पावतीवर लिहिलेलं. 'देणगी' हा शब्द बाळाच्या आधी आला तर सावध. आणि गोऱ्या बाळाचे जास्त, सावळ्याचे कमी, असं नुसतं सूचित जरी केलं तरी ती फी नव्हे, किंमत आहे. पुढचं तुला सांगायला नको.

आता फाइल. माझं सगळं दुखणं तिथे आहे.

तुझी फाइल तू पाहिली आहेस. खाकी पुठ्ठ्यात एकच कागद. जन्मतारीख, वजन दोन किलो तीनशे ग्रॅम, 'प्रकृती उत्तम', आणि आईच्या रकान्यात एक आडवी रेघ. त्या रेघेचं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. वाटलं, चला, पाटी कोरी मिळाली. आता लिहिताना लाज वाटते.

गेल्या वर्षी तुझ्या छातीत दुखलं तेव्हा डॉक्टर फॉर्म भरत होते. "वडिलांना हार्टचा त्रास?" आणि बाबा उत्साहाने म्हणाले, "छे हो, मी ठणठणीत आहे!" खोलीत कुणी काही बोललं नाही. मग तूच शांतपणे म्हणालास, "मी दत्तक आहे." डॉक्टरांनी तो अख्खा रकाना खोडला. एक आडवी रेघ. पुन्हा तीच. बाबांनी घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

आणि एकोणिसाव्या वर्षी तू विचारलंस म्हणून आपण तिघं त्या पत्त्यावर गेलो होतो, ते आठवतं ना? दारावर दुसरीच पाटी. संस्था बंद होऊन चार वर्षं झाली होती आणि कागद कुठे गेले ते सांगायला एक माणूस नव्हता. जिन्यात उभे होतो आपण. तू म्हणालास, "जाऊ दे, भूक लागलीय." तुला भूक नव्हती, हे मला कळत होतं.

म्हणून दुसरा प्रश्न, आणि हा तोंडावर विचारा: तुमची संस्था उद्या बंद पडली तर कागद कुठे जातील? कोणत्या सरकारी कचेरीत, कोणाच्या ताब्यात? बाळ मोठं होऊन आलं तर त्याला काय काय दाखवाल? मूळ माहिती, विशेषतः आईवडिलांची ओळख आणि आजारांचा इतिहास, जपून ठेवायची जबाबदारी त्या हेगच्या करारातच घातलेली आहे. मुलांना असला हक्क असणं काही नवीन नाही. स्कॉटलंडमध्ये दत्तक गेलेल्यांना मोठेपणी आपला मूळ जन्मदाखला बघण्याचा हक्क १९३० पासून आहे. इंग्लंड-वेल्सने तो १९७५ च्या कायद्याने दिला. आम्ही मात्र एका रेघेवर खूष होतो.

तब्येतीचे कागदही असेच नीट मागा. जन्माचं वजन, डोक्याचा घेर, कितव्या आठवड्यात जन्म, आईच्या तपासण्या. ते तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, संस्थेच्या नाही. एक गोष्ट मला आत्ताच कळली. आईला एचआयव्ही असेल तर तिच्या अँटिबॉडीज बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे नुसती अँटिबॉडीची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून बाळाला लागण झालीच असं नसतं. थेट विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते. हे समोर बसून समजावणारी संस्था आणि "सगळं नॉर्मल आहे" म्हणणारी संस्था, यात काय फरक ते तुम्हालाच दिसेल.

होम स्टडीला, म्हणजे घरी येऊन तुमची चौकशी करतात त्याला, घाबरू नका. आमच्याकडे सोशल वर्कर येणार म्हणून मी कपाटातले कपडेसुद्धा इस्त्री करून लावले होते. ती काय कपाट उघडणार होती? वीस मिनिटं बसली, पाणी प्यायली, गेली. बाबांच्या रागाबद्दल, माझ्या आधीच्या तीन वेळच्या दुःखाबद्दल एक शब्द नाही. कुणीतरी विचारायला हवं होतं. तू आल्यावर पहिल्या महिन्यात मी रात्री बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि हे कुणाला सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. ती दीड तास प्रश्न विचारणारी बाई मला तेव्हा हवी होती.

बाळ घरी आणाल तेव्हा ते ज्या कपड्यात असेल तो कपडा धुऊ नका. मी धुतला. तू सात आठवड्यांचा, विटक्या निळ्या दुपट्यात, त्याच्या कोपऱ्याला कुणीतरी बारीक टाक्यांनी रफू केलेलं. मी पहिल्याच संध्याकाळी तो गरम पाण्यात टाकला, स्वच्छ केला, आणि तू त्या रात्री पहाटेपर्यंत रडलास. "बाळाला काय कळतंय" असं सगळे म्हणायचे. कळतं. १९८० साली एक प्रयोग झाला होता. तीन दिवसांपेक्षाही लहान बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखणी चोखण्याची लय बदलत होती. वासाचंही त्यांना कळतं. हे मला त्या संस्थेतल्या एका माणसाने सांगितलं असतं तर तो दुपटा तसाच तुझ्या उशाशी ठेवला असता.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते.

तू रडायला लागलास की मी तुला डाव्या खांद्यावर आडवा घ्यायचे आणि तू गप्प व्हायचास. उजव्या खांद्यावर नाही, डाव्याच. ही युक्ती मी शोधून काढली असं मी तुला शंभरदा सांगितलंय, मेधालाही सांगितलंय, सगळ्यांसमोर मिरवलंय. ती मी शोधलेली नव्हती. तुला आमच्या हातात देताना तिथली मदतनीस बाई हळूच म्हणाली होती, "त्याची आई सांगून गेलीय, डाव्या खांद्यावर घेतलं की रडायचा थांबतो." म्हणजे ती होती तिथे. काही दिवस तरी तुझ्याजवळ होती आणि जाताना आमच्यासाठी एक निरोप ठेवून गेली. मी बाबांना म्हटलं, लिहून ठेवूया. ते म्हणाले, आता कशाला. आणि मलाही ते सोयीचं वाटलं.

बाबांना दोष देऊ नकोस. हे पत्र त्यांना आज रात्री वाचायला देणार आहे, मगच टाकीन.

काल ती खाकी फाइल काढली आणि त्या आडव्या रेघेच्या खाली, माझ्या अक्षरात, ते वाक्य लिहिलं. पेनानेच लिहिलं. खाली आजची तारीख घातली, म्हणजे उशिरा लिहिलंय हे कळावं. फाइल तुझ्याकडे पाठवू की तू न्यायला येतोस ते कळव. दुपटाही त्यातच ठेवलाय, रफूची बाजू वर.

मेधाला आशीर्वाद. गुरुवारी तिथून निघालात की फोन कर. मी एकटीच घेईन.

तुझी,
आई