पांदणीच्या कडेची फुलं

आई, बाबा,

दादा फोनवर म्हणाला की आपल्या पांदण रस्त्याचं काम मंजूर झालं, पावसाळ्याच्या आत जेसीबी येणार. लय बरं झालं, त्या चिखलातून बंडी काढताना बैलांचे काय हाल होतात ते मी पाहिलंय. पण बाबा, काम सुरू व्हायच्या आधी माझं एक ऐका.

इकडे टेक्सासात आत्ता रानफुलांचा सीझन आहे. आम्ही ऑस्टिनहून लॅनोकडे जाताना हायवे सोडून फार्म-टू-मार्केट रोड धरतो, शेतातला माल बाजारात न्यायला बांधलेले साधे रस्ते, गाड्या अगदी तुरळक, आणि दोन्ही बाजूंना तारेच्या कुंपणापर्यंत निळंच निळं. ब्लूबॉनेट म्हणतात, १९०१ पासून राज्याचं फूल आहे. मधेच पेंटब्रश नावाच्या रानफुलांचा केशरी-लाल पट्टा येतो आणि मला आपला पळस आठवतो. बाबा, हे ब्लूबॉनेट तूर-हरभऱ्याच्याच कुळातलं बरं का, शेंगा धरतात, मुळांवर तशाच गाठी असतात, बी पावसाळा संपता संपता रुजतं, थंडीभर रोप जमिनीला चिकटून बसतं आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलतं.

आता मुद्दा. इथलं रस्त्यांचं खातं १९३०च्या दशकापासून ही फुलं सांभाळतंय, दरवर्षी साधारण ३० हजार पौंड बी टाकतात म्हणे, म्हणजे साडेतेरा टन! पण मला त्याहून आवडली ती त्यांची कापणीची पद्धत. फुलं सरून, शेंगा वाळून बी खाली पडेपर्यंत कडेचं गवत कापत नाहीत. थांबतात, बस.

आपल्याला तर बी विकत आणायचीही गरज नाही. रस्त्याला लागेल तेवढीच जागा साफ करायला सांगा, कडेचे पळस आणि तो वळणावरचा बहावा राहू द्या. पावसाळ्यात तणनाशक वावरात काय मारायचं ते मारा पण पांदणीच्या कडेला फवारू नका, तिथेच आईला पहिल्या पावसानंतर तरोट्याची भाजी मिळते, श्रावणात जिवतीला आघाडा मिळतो, कुर्डू फुलतो, काट्यांवर कळलावी चढते. ते सगळं बी पडल्यावर विळा लावा ना.

गाजरगवत मात्र ठेवू नका. ते मूळचं इकडचंच, अमेरिका खंडातलं, आणि आपल्याकडे येऊन माजलंय. फुलायच्या आत मुळासकट उपटायचं, आणि आई, तू हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नकोस, अंगाला खाज सुटते.

दादाला म्हणावं, ठेवायच्या झाडांना आधीच चुन्याचा पट्टा मारून ठेव, बाहेरून आलेल्या ऑपरेटरला काय कळणार कोणतं ठेवायचं ते. आणि जेसीबी कोणत्या दिवशी येतोय ते नक्की कळवा, मी इकडून व्हिडिओ कॉल लावते, तुमची सकाळ म्हणजे आमची रात्रच असते, मी जागी राहीन.

तुमची,
मीनू