कोरोनाचा दुसरा आठवडा आणि चुकलेले अंदाज

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोरोना होऊन गेलेल्या माणसाला ‘कसा गेला?’ असे विचारले की बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. ‘उगाच घाबरलो होतो, साधी सर्दी निघाली’ किंवा ‘एवढे होईल असे वाटले नव्हते.’ दोन्ही उत्तरे खरी असतात. वर्तमानपत्रांतला पत्रव्यवहारही याच दोन टोकांमध्ये फिरतो आणि वाद आजार मोठा की छोटा एवढ्यावर अडतो. आमच्या मते लोकांचा अंदाज जास्त चुकला तो आजाराच्या वेळापत्रकाबाबत. ताप चढला म्हणजे आजार वाढला, ताप उतरला म्हणजे बरे झाले, चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो, ही आपली फ्लू आणि मलेरियावरून बनलेली समजूत. कोरोना या तिन्ही ठिकाणी चकवतो, आणि २०२१च्या लाटेत अनेक घरांत रुग्णालय गाठायला उशीर झाला तो त्यामुळेच.

सुरुवात संसर्गाच्या दिवसापासून करू. लग्नात शेजारी बसलेला पाहुणा पॉझिटिव्ह निघाल्याचा फोन आला की लोक दुसऱ्याच दिवशी चाचणी करतात, ती निगेटिव्ह येते आणि मंडळी निर्धास्तपणे आजी-आजोबांकडे जेवायला जातात. विषाणूला चाचणीत दिसण्याइतके वाढायला वेळ लागतो. २०२०मध्ये संसर्ग आणि पहिले लक्षण यांत सरासरी पाच दिवस जात. विषाणूच्या डेल्टा प्रकारात हे अंतर सुमारे चार दिवसांवर आले आणि ओमायक्रॉनच्या वंशावळीत सुमारे तीन. सर्वांच्या डोक्यात बसलेले चौदा दिवस ही वरची मर्यादा होती. म्हणून लक्षणे नसतील तर संपर्कानंतर पाच दिवस थांबूनच चाचणी करावी. लक्षणे आहेत आणि घरची अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, तर ४८ तासांनी ती पुन्हा करावी किंवा सरळ प्रयोगशाळेतली आरटीपीसीआर करावी.

घरच्या किटमध्ये चुका होतात त्या ठरलेल्या. पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोव्हिसेल्फ’ला मे २०२१मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून हे किट औषधाच्या दुकानात मिळू लागले, पण आतला कागद वाचणारे थोडे. कापसाची काडी नाकपुडीत दोन ते चार सेंटिमीटर आत जायला हवी आणि आतल्या भिंतीला टेकवून पाच वेळा फिरवायला हवी, दोन्ही नाकपुड्यांत. नाकाच्या तोंडाशीच फिरवलेल्या काडीवर काहीच येत नाही. निकाल पंधराव्या मिनिटाला पाहायचा. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ मोजायची नाही. पट्टीवरच्या ‘सी’ (चाचणी नीट चालल्याची खूण) या अक्षरापाशी रेघ आलीच नाही तर चाचणी बाद. ‘सी’ आहे आणि वेळेत ‘टी’ (विषाणू सापडल्याची खूण) या अक्षरापाशी अगदी फिकट रेघ दिसते, तर ती पॉझिटिव्हच. फिकट रेघेला ‘थोडासा कोरोना’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, तिला अर्थ नाही.

आरटीपीसीआरच्या अहवालावरील ‘सीटी व्हॅल्यू’चेही तेच झाले. हा आकडा यंत्राला विषाणू सापडायला किती आवर्तने लागली ते सांगतो. नमुना कसा घेतला, कितव्या दिवशी घेतला, कोणते किट वापरले यांवर तो हलतो. आजार किती वाढेल हे त्यावरून कळत नाही. ३५च्या ऐवजी २४ हीच पॉझिटिव्हची सीमा का धरू नये, अशी विचारणा २०२१मध्ये महाराष्ट्रातून आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) झाली होती आणि तिला नकारच मिळाला.

आता मुख्य मुद्दा, दुसऱ्या आठवड्याचा. दिवस मोजायचे ते पहिल्या लक्षणापासून: घसा खवखवला, अंग मोडून आले, तो पहिला दिवस. बहुतेक जण चाचणीच्या किंवा अहवालाच्या तारखेपासून मोजतात आणि तिथेच तीन-चार दिवसांची गफलत होते. डॉक्टरांनी ‘कितवा दिवस?’ विचारले की ‘तिसरा’ असे उत्तर येते, प्रत्यक्षात सातवा चाललेला असतो. २०२० आणि २०२१च्या लाटांत गंभीर होणाऱ्या रुग्णांना दम लागायला सुरुवात होई ती साधारण पाचव्या ते आठव्या दिवसात आणि रुग्णालयाची गरज पडे सातव्या ते दहाव्या दिवशी. कित्येकांचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरलेला असे, घरच्यांनी निःश्वास टाकलेला असे. याचे कारण आजाराचे दोन भाग. पहिल्या भागात विषाणू वाढतो. दुसऱ्या भागात विषाणू ओसरत असताना शरीराची प्रतिकारयंत्रणाच भडकते आणि फुप्फुसांना सूज आणते. पहिला भाग सौम्य गेला म्हणून दुसरा येणारच नाही, असे नसते.

स्टेरॉइडचा सगळा घोळ याच दोन भागांत अडकलेला आहे. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ या औषधचाचणीने जून २०२०मध्ये दाखवले की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. याच चाचणीत ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काहीही फायदा दिसला नाही, उलट नुकसानीची शक्यता दिसली. इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्या पाहून लोकांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच गोळ्या सुरू केल्या. ज्या वेळी प्रतिकारशक्तीने विषाणूशी लढायचे, त्याच वेळी तिला दाबून टाकले. ताप लगेच उतरे, भूक लागे, आणि त्या समाधानात पुढचे दिवस निसटत. मधुमेह असलेल्यांची साखर वारेमाप वाढे. म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराला हीच जमीन लागते. चेहऱ्याच्या एकाच बाजूला सूज किंवा बधिरपणा, नाकातून काळपट स्राव, वरचे दात हलू लागणे, एकाचे दोन दिसणे, यांतले एकही लक्षण कोरोनानंतरच्या आठवड्यांत दिसले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

लोकांना सर्वांत अनपेक्षित वाटलेली गोष्ट म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्क्यांवर असलेला माणूस खुर्चीत बसून फोनवर बोलतो आहे. फुप्फुस बिघडले की धाप लागणारच, अशी सगळ्यांची खात्री असते. पण श्वास कोंडल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यावर होते. कोरोनाच्या न्यूमोनियात सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड व्यवस्थित बाहेर जात राहतो, फुप्फुसेही ताठर झालेली नसतात, त्यामुळे ऑक्सिजन घसरूनही धोक्याची घंटा वाजत नाही. म्हणून तर बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर हवा. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई तो घेऊन दारोदार गेल्या आणि लोकांना हे यंत्र माहीत झाले. वापरायचे कसे, हे मात्र अजूनही अनेकांना नीट माहीत नाही.

मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. बोट गार असेल तर चोळून ऊब आणावी, नखावर नेलपॉलिश नको. हात छातीच्या उंचीवर टेकवून स्थिर ठेवावा आणि आकडा निदान मिनिटभर पाहावा. पहिल्या पाच सेकंदांत दिसलेला ८८ पाहून धावपळ करू नये. यंत्रावरील नाडीचे ठोके मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळत नसतील, तर वरचा ऑक्सिजनचा आकडाही विश्वासाचा नाही. त्वचा गडद असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते, हे डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. आपल्याकडे ही बाब विसरून चालणार नाही. म्हणून एकाच आकड्यावर न जाता कल पाहावा: काल ९८, आज सकाळी ९६, संध्याकाळी ९५ ही उतरण ‘९५ म्हणजे ठीकच’ म्हणून सोडण्यासारखी नाही.

बसल्या जागी आकडा ९४ किंवा वर असेल तर सहा मिनिटे चालून पाहावे. घरातल्या घरात, सपाट जमिनीवर, बोटाला ऑक्सिमीटर लावून, नेहमीच्या चालीने. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटे पुरेत. दम्याच्या रुग्णांनी ही चाचणी स्वतःच्या मनाने करू नये, आणि बसल्या जागीच ९४च्या खाली असेल तर चालायचेच नाही, डॉक्टरांना फोन करायचा. चालून आकडा तीन टक्क्यांहून अधिक उतरला, ९३च्या खाली गेला किंवा चक्कर आली, तर रुग्णालय. ऑक्सिमीटर नसेल तर श्वास मोजता येतात: रुग्णाला न सांगता पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले की चूकही चौपट होते. प्रौढ माणसाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त असणे हे केंद्राच्या मार्गदर्शनानुसार मध्यम आजाराचे लक्षण, आणि ३०च्या पुढे गेले तर गंभीर आजाराचे.

खाट किंवा रुग्णवाहिका मिळेपर्यंत पालथे झोपवणे खरोखर उपयोगी पडते. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडगीखाली. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत एक स्थिती, मग कूस बदलायची. जेवणानंतर तासभर नको. गरोदर स्त्रिया, गंभीर हृदयविकार, मणक्याचे किंवा मांडीच्या हाडाचे फ्रॅक्चर असलेले यांनी अजिबात नको. फुप्फुसांचा पाठीकडचा भाग यामुळे मोकळा होतो आणि ऑक्सिजन काही टक्के वाढू शकतो. रुग्णालयाला मात्र हा पर्याय नाही.

बाकीच्या धावपळीबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२१मध्ये रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी इंजेक्शनसाठी रांगा लागल्या, त्याआधीच नोव्हेंबर २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांना ते सरसकट देऊ नये असे सांगितले होते; विषाणूविरोधी औषधाचा उपयोग असलाच तर पहिल्या काही दिवसांत, आणि इंजेक्शन मिळेपर्यंत उजाडे दहावा दिवस. बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णांना देण्याचा उपचार मे २०२१मध्ये देशाच्या उपचारपद्धतीतून काढून टाकला गेला. सौम्य आजारात दुसऱ्या दिवशी केलेला छातीचा एचआरसीटी स्कॅन पुढच्या आठवड्याबद्दल काहीच सांगत नाही. वाफेने घशाला बरे वाटते, विषाणू मरत नाही. उकळत्या पाण्याचे पातेले अंगावर सांडून मुले भाजतात. आणि विषाणू हवेतून पसरत असूनही ज्या घरांनी भाजी साबणाने धुतली, त्यांनी खिडक्या मात्र बंद ठेवल्या.

वास जाण्याबद्दलही अपेक्षा वेगळी होती. सर्दीत नाक चोंदते म्हणून वास जातो. इथे नाक मोकळे असून फोडणीचा वास येईना. विषाणू वास ओळखणाऱ्या चेतापेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. काहींचा परततो तो बिघडून: दोन-तीन महिन्यांनी कॉफी, कांदा, लसूण यांना जळका किंवा कुजका वास येऊ लागतो. हे सहसा सुधारणेच्या वाटेवरचे लक्षण असते. लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी हे चार वास, प्रत्येकी वीस सेकंद, सकाळ-संध्याकाळ, निदान बारा आठवडे लक्ष देऊन हुंगावेत. आठवड्याभरात फरक नाही म्हणून लोक सोडून देतात. तोवर घरातील दुसऱ्या कोणीतरी गॅसची नळी आणि रेग्युलेटर तपासायची जबाबदारी घ्यावी, कारण ज्याला वास येत नाही त्याला गळतीही कळत नाही.

आज चित्र बदलले आहे. लस आणि आधीचे संसर्ग यांमुळे दुसऱ्या आठवड्यातला न्यूमोनिया पुष्कळ कमी झाला. पाणीही गिळवेना असा घसा मात्र अनेकांना अनपेक्षित असतो. लस घेऊनही कोरोना झाला म्हणजे लस वाया गेली, हा निष्कर्ष चुकीचा आहे. नाकाघशातले संरक्षण काही महिन्यांत ओसरते, गंभीर आजारापासूनचे अधिक काळ टिकते. पण सत्तरीच्या पुढचे, डायलिसिसवरचे, अवयव प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले यांच्यासाठी दिवस मोजण्याचा आणि ऑक्सिमीटरचा नियम आजही तोच आहे.

शेवटी राहतो तो नंतरचा थकवा. इथे सगळ्यात घातक सल्ला म्हणजे ‘उठून चालायला लाग, अंगात ताकद येईल.’ काही रुग्णांत श्रमानंतरची घसरण त्याच दिवशी दिसत नाही, बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी येते. सोमवारी पाऊण तास चाललेला माणूस बुधवारी अंथरुणातून उठत नाही आणि दोहोंचा संबंध कोणाच्याच लक्षात येत नाही. अशांनी आठवडाभर रोजची कामे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा त्रास वहीत लिहावा, ज्या श्रमाने घसरण होते त्याच्या बऱ्याच खाली राहावे आणि वाढ अगदी हळू करावी. उभे राहिल्यावर धडधड होत असेल तर दहा मिनिटे आडवे पडून नाडी मोजावी, मग आधाराशेजारी उभे राहून दहा मिनिटे दर दोन मिनिटांनी मोजावी. प्रौढात ठोके तीसने किंवा जास्त वाढून तसेच टिकले तर ती नोंद घेऊन फिजिशियनकडे जावे. ‘ईसीजी नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून परतलेल्या काही रुग्णांचे निदान या वीस मिनिटांच्या नोंदीने होऊ शकते. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, एकाच पायाला सूज येणे यांसाठी मात्र वही न भरता त्याच दिवशी तपासणी करावी. स्टेरॉइड घेतलेल्या प्रत्येकाने साखर तपासावी, आधी मधुमेह नसला तरी.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘पहिल्या लक्षणाची तारीख, रोजचा ताप, बसून आणि चालून ऑक्सिजन, श्वास, चालू औषधे’ अशा रकान्यांचा कापून ठेवता येईल असा चौदा दिवसांचा तक्ता छापता आला तर पाहावे. रुग्णाबरोबर हा कागद आला की तपासणीतली पहिली दहा मिनिटे वाचतात.

आपले,
सातारा जिल्ह्यातील काही फॅमिली डॉक्टर