फंक्शन पॉइंटर आणि माझे गेलेले दोन दिवस

प्रिय संद्या,

उत्तराला उशीर झाला, शिव्या घालून घे. इंटरव्ह्यूत सी भाषेतल्या फंक्शन पॉइंटरवर, म्हणजे फंक्शनचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलवर, अडकलास म्हणतोस, अरे त्यात अवघड असं काही नाहीये, डोकं फिरवतात ते कंस. int (*f)(int) असं डिक्लेरेशन दिसलं की f या नावापासून सुरू कर आणि बाहेर बाहेर वाचत जा. स्टार आणि नाव एका कंसात असेल तर तो पॉइंटर, तो कंस काढलास की कंपायलर म्हणतो हे तर फंक्शनच आहे, इंटचा पॉइंटर परत देणारं. एकदा टाइपडेफ करून टाक, म्हणजे त्या टाइपला सोपं नाव दे, आणि सुटलास.

फंक्शनचं नुसतं नाव लिहिलं की त्याचा पत्ता मिळतो, पुढे कंस टाकले की ते तिथल्या तिथे चालतं. क्यूसॉर्टला, म्हणजे सीच्या तयार सॉर्टिंग फंक्शनला, आपलं तुलना करणारं फंक्शन देताना मी कॉलेजात हेच कंस टाकून बसायचो. त्या क्यूसॉर्टला माहीतच नसतं की तुझ्या ॲरेत इंट आहेत का पोरांचे रेकॉर्ड, तो दोन पत्ते तुझ्या फंक्शनकडे देतो आणि उत्तर ऋण, शून्य की धन एवढंच बघतो. त्या तुझ्या फंक्शनमधून सरळ दोन आकड्यांची वजाबाकी परत करू नकोस हां, एक आकडा दोन अब्ज आणि दुसरा उणे दोन अब्ज असला तर ३२ बिटांच्या इंटमध्ये उत्तर मावतच नाही, मग सॉर्टिंगचा बट्ट्याबोळ.

आता माझी फजिती ऐक. आमच्या बोर्डवर येणाऱ्या कमांडसाठी कोडमध्ये भलामोठा स्विच-केस होता, मी शहाणपणा करून फंक्शन पॉइंटरचा ॲरे केला, कमांडचा नंबर हाच इंडेक्स, कोड एकदम चकाचक. मग महिन्याभराने एनममध्ये, म्हणजे कमांडच्या नंबरांच्या यादीत, मधेच एक कमांड घुसवली आणि त्या ॲरेच्या टेबलात टाकायची विसरलो, झालं, पुढचं सगळं एकाने सरकलं, 'मोटर थांबव' पाठवलं की मोटर उलटी फिरायची!! कंपायलर गप्प, कारण सगळ्या फंक्शनचा टाइप सेमच ना. दोन दिवस मी वायरिंग तपासत बसलो. आता सी९९ (सीचं १९९९चं स्टँडर्ड) मधलं ते चौकोनी कंसात इंडेक्स लिहून व्हॅल्यू द्यायचं वापरतो, राहिलेल्या जागी नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, येतो, म्हणून कॉल करण्याआधी नल आहे का ते बघायचं, आणि नंबर टेबलाबाहेरचा तर नाही ना तेही.

सरावाला तू आधी पोरांचे रेकॉर्ड क्यूसॉर्टने मार्कांवर लाव, मग नावांवर, फक्त फंक्शन बदलून. सीच्या सिग्नल फंक्शनचं डिक्लेरेशन मात्र आत्ता बघू नकोस, मला अजून एका दमात वाचता येत नाही ते.

काकूंना नमस्कार सांग. पुढच्या इंटरव्ह्यूची तारीख कळव.

तुझा,
बाळ्या