विषय : बी विंगमागच्या कुंपणाचा हलणारा खांब

प्रति,
मा. अध्यक्ष, गृहनिर्माण संस्था, नागपूर

सप्रेम नमस्कार.

या एकाच खांबाबद्दल हे माझे चौथे पत्र. आधीच्या तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमांप्रमाणे) तक्रार कमिटीच्या पुढच्याच सभेत घेऊन त्यानंतर १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. मी होळीपासून थांबलो आहे.

कोपऱ्यातला हा खांब, म्हणजे लोखंडी अँगल, आता एका हाताने हलतो. बुडाचे काँक्रीट उभे चिरले आहे, भेगेत गंज दिसतो. हे आपोआप झालेले नाही. पहिल्या मजल्यावरच्या सभासदांच्या कूलरचा पाइप तीन उन्हाळे बरोबर त्या खांबाच्या बुडाशी सोडलेला आहे. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की तडकते, आणि खांब दरवर्षी थोडा थोडा कलतो. त्यात कूलरच्या पाण्यात क्षार साचलेले. लोखंड गंजते आणि तो गंज फुगून आतून काँक्रीट फोडतो. हे मी त्यांना पहिल्याच वर्षी शांतपणे सांगितले होते. "पाणीच तर आहे," एवढेच उत्तर मिळाले. याच सभासदांनी जिन्यात कुंड्या ठेवल्या, मी बोललो नाही. माझ्या जागेत गाडी लावली, तेव्हाही नाही. गच्चीच्या किल्लीबद्दल तर आजवर लेखी एक शब्द काढलेला नाही.

कमिटीने चौकीदाराकडून भेगेवर सिमेंट थापून घेतले. सिमेंट पक्के व्हायला पाणी मारावे लागते, ते एक दिवसही मारले नाही, महिन्याभरात पापुद्रा निघाला. आता खांब तारेने कडुलिंबाला बांधला आहे आणि त्याच जाळीला टेकून मुले खेळतात.

वरून थापून हे काम होणार नाही. जुना ठोकळा घणाने फोडून पूर्ण काढावा लागेल. दीड फूट लांब-रुंद, दोन फूट खोल खड्डा, त्यात सिमेंट, रेती, गिट्टी १:२:४, खांब ओळंब्यात (अगदी सरळ उभा) धरून टेकू, आणि निदान ७ दिवस पाणी. ठोकळ्याचा माथा जमिनीच्या वर राहू द्यावा व त्याला चारी बाजूंनी उतार द्यावा, म्हणजे अँगलपाशी पाणी साचणार नाही. मी मिस्त्रीला विचारले आहे, खोदून भरायला एक दिवस पुरे.

सचिव तोंडी म्हणाले, "तुमच्या खिडकीसमोर आहे, तुम्हीच करून घ्या." उपविधींत कंपाउंड वॉलची दुरुस्ती संस्थेकडे आहे, कुंपणही त्यातच आले. तेव्हा काम संस्थेने करावे आणि खर्च कूलरवाल्या सभासदांच्या मेंटेनन्स बिलात लावावा. शेजारच्या ताईंचे आणि ए विंगमधल्या तिघांचेही हेच म्हणणे आहे. रोज तोंड पाहायचे म्हणून ते सही करत नाहीत, इतकेच.

मृग लागण्याआधी खांब बसावा. पाइप मात्र याच आठवड्यात नालीत सोडायला लावा, नाहीतर नवा ठोकळाही त्याच पाण्यात उभा राहील.

आपला,
तळमजल्यावरील सभासद, बी विंग